गच्चीवरचा भोंगा

टायरचं गोदाम
३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

आधी कपाळावरच्या आठ्या काढ. जिवंत आहे, जेवतो आहे आणि पोलीस चौकीतून लिहीत नाहीये. मागच्या पत्राच्या वेळी मी मेंढ्यांच्या ट्रकवर होतो ना? ते सुटलं. मेंढ्या बऱ्या होत्या, मालक वाईट होता. मग एका सर्कशीचा तंबू उतरवायला गेलो, तिथे एक माकड होतं, ते रोज फक्त माझ्याच खिशात... जाऊ दे, लांबेल. फोन का करत नाही म्हणू नकोस. एक तर माझा फोन त्या माकडाकडे आहे, आणि दुसरं, फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यावर तू चिडतेस.

तर मुद्दा. आत्या, तुमचा बँड जिवंत आहे!

म्हणजे तू, बाबा आणि ठोक्याकाका तिघांनी बाटल्यांच्या कारखान्यात, फुटक्या काचेच्या शेडमध्ये उभी केलेली ‘भट्टी’. मला वाटायचं, ती गोष्ट आपल्या घरापुरतीच आहे. माळ्यावरच्या मोडक्या सायकलीसारखी. पण इथे एक नळवाला आहे. दिवसा लोकांचे तुंबलेले पाइप साफ करतो आणि संध्याकाळी या गोदामात गिटार वाजवतो. त्याच्याकडे तुमची ‘काजळी’ रेकॉर्ड आहे, टॉवेलमध्ये गुंडाळलेली. हात धुतल्याशिवाय कोणाला शिवू देत नाही. याला स्टोनर रॉक म्हणतात हे तरी तुला माहीत आहे का? जड, संथ, जमिनीलगत सरपटणारी गिटार. दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत बुटाची नाडी बांधून होते. आणि सगळीकडे धूर. नळवाला म्हणतो, या तऱ्हेचं वाजवणाऱ्या कुणालाही विचार, सगळे शेवटी तुमच्या त्या एका रेकॉर्डपाशी येऊन थांबतात. बाबांना इथे कोणी नावाने ओळखत नाही. ‘विहीर’ म्हणतात. आवाज विहिरीच्या तळातून येतो म्हणून.

मी टायर चढवायच्या कामाला लागलो होतो. भिंतीवर जुनं पोस्टर दिसलं. मी सहज म्हणालो, “हे माझे बाबा. आणि ही कडेला अर्धी कापली गेलेली पँट माझ्या आत्याची.” एकाच्या हातून पाना पडला. त्या दिवसापासून मला कोणी टायर उचलू देत नाही.

आता नीट बसून वाच. ‘काजळी’ला पंचवीस वर्षं होतायत. एप्रिलच्या अखेरीला जुन्या गोदीतल्या मोठ्या शेडमध्ये कार्यक्रम आहे, कुठून कुठून लोक येणार आहेत. आणि बाबांच्या जागी उभं राहून कोण गाणार? मी!

फक्त एक अडचण आहे. पहिल्या दिवशी मी गायलो तर नळवाल्याने गिटार खाली ठेवली आणि तो म्हणाला, “नळात हवा अडकली की असाच आवाज येतो.” तेव्हापासून मला पिपाणी म्हणतात. पण मी मागे लागलोय. ट्रॅक्टरचा मोठा टायर असतो ना, त्यात डोकं घालून रोज ओरडतो. धूर घेतो, साधा आणि तो दुसराही. आवाज खरवडून निघायला हवा म्हणे, मग आपोआप खाली बसतो.

गंमत बघ, एवढ्या आवाजाचा माणूस, आणि मला बाबांचं बोलणं असं आठवतच नाही. कानाशी येऊन पुटपुटायचे तेवढंच. सगळा आवाज बाहेर खर्च करून घरी यायचे बहुतेक. एक मात्र पक्कं आठवतं. कारखान्याचा दुपारचा भोंगा वाजायला लागला की आम्ही दोघं गच्चीवर. मी भोंग्याबरोबर ‘भोंऽऽऽ’ करायचो, गल्लीतली कुत्री सुरू व्हायची, आणि बाबा माझ्याशेजारी उभे राहून नुसतं तोंड उघडायचे. मान वर, तोंड उघडं, आवाज शून्य. मुका भोंगा! मी हसून हसून लोळायचो. तशी गंमत पुन्हा कोणी केली नाही.

तर सांग, बाबा गायचे कसे? आवाज कुठून काढायचे, पोटातून की छातीतून? तू शेजारी उभी असायचीस. तुझ्याशिवाय कोणाला विचारू?

तुझा
भिंगरी

*

घर
१४ फेब्रुवारी

भिंगरी,

आधी त्या टायरमधून डोकं बाहेर काढ.

तुझं पत्र आलं तेव्हा कारखान्यातली पाळी संपवून नुकतीच आले होते. अजून त्याच टेबलावर बसते. पट्ट्यावरून बाटल्या जातात, मागे दिवा, ज्या बाटलीत बुडबुडा दिसेल ती उचलायची आणि फुटक्यात टाकायची. इतक्या वर्षांत बुडबुड्याची बाटली माझ्या हातून सुटलेली नाही. एकच सुटली, आणि ती तुझ्या त्या नळवाल्याने टॉवेलात गुंडाळून ठेवली आहे.

विचारलंस म्हणून सांगते. रेकॉर्डवरचा आवाज दादाचा नाही. म्हणजे दादाचाच, पण ओढून लांब केलेला.

आमच्या कारखान्यातली भट्टी वर्षानुवर्षं विझत नाही हे तू बघितलं आहेस. आतल्या विटा झिजल्या की तेवढ्यापुरती विझवतात आणि गवंडी आत उतरतात. एरवी त्या शेडमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, मग गाणं कुठे टेपवर घेणार? म्हणून टेपवाला नेमका त्या आठवड्यात आला. पण कारखान्याची वीज कारखान्याच्याच जनरेटरची. भट्टीचे पंखे बंद, पट्टे बंद, कशाचंच ओझं नाही, त्यामुळे जनरेटर दावं सुटलेल्या बैलासारखा पळत होता. आणि टेपचं मशीन चालायचं विजेच्या तालावर. तेही पळालं. आम्हाला कुठे काय कळतंय? आम्ही आपले नेहमीसारखे वाजवत होतो, चांगले झपाझप. पुढे गावातल्या सरळ विजेवर ती टेप लावली, तर सगळं खाली उतरलेलं. माझी बेस गिटार चिखलात रुतल्यासारखी, ठोक्या पेंगत असल्यासारखा, आणि दादा... दादाच्या जागी कोणी तरी दाढीवाला राक्षस गात होता.

परत करायला ना पैसा ना जागा. भट्टी तोवर पेटली होती. टेपवाला रडकुंडीला आला. दादा मात्र हसला. “हा कोण बाप्या घुसलाय?” म्हणाला. पण त्याला तो आवाज आवडला होता, मी बघत होते ना. तुला माहीत नसेल, फोनवर लोक त्यालाच म्हणायचे, “ताई, जरा दादांना बोलवता का?” तुझा आवाज पिपाणी असेल, तर त्याचा पिपाणीचा मोठा भाऊ होता, एवढंच.

मग ती रेकॉर्ड निघाली आणि सुटलीच. आधी ट्रकवाल्यांनी उचलली, मग वेल्डिंगवाल्यांनी, मग कॉलेजच्या पोरांनी. वर्षभरात गावोगाव पोरं गिटारच्या तारा सैल करून बसली. आमची चूक लोक गिरवायला लागले. मी एका मासिकवाल्याला हे सगळं सांगितलं होतं, अगदी जनरेटरसकट. त्याने छापलं, ‘बेसवादक बाईंचा विनोद कोरडा आहे.’ त्यानंतर मीही सोडून दिलं.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही. दौरे झाले, दादा दमला, आजारी पडला, गेला. तुझ्या आईने दुसरा संसार मांडला आणि तू माझ्याकडे वाढलास. हे तुला माहीतच आहे.

गायचं तर गा. मी कधी कशाला नाही म्हटलं आहे? पण आवाजाला हात लावू नकोस. आला आहे तसा राहू दे. आणि तो धूर बंद. गळ्याला मफलर आहे का?

आत्या

*

टायरचं गोदाम
२ मार्च

आत्या,

मफलर आहे. बाकी तुझ्या पत्राचं काय करावं ते कळेना, म्हणून दोन दिवस नुसतं खिशात घेऊन फिरलो. मग इथून नदीपर्यंत चालत गेलो. तिथे एक माणूस पुलाला रंग देत होता, वर्षभर तेवढंच करतो म्हणे, दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाचा रंग उडतो. मी त्याच्याबरोबर अर्धा दिवस बसलो. तरी राग गेला नाही.

नळवाल्याला तुझं जनरेटरचं सांगितलं. तो हसला नाही. “हे कोण म्हणतंय?” म्हणाला. मी म्हटलं, आत्या. तर फक्त “अच्छा” म्हणाला. त्या ‘अच्छा’ने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग शनिवारी ठोक्याकाका आले. कार्यक्रमात ड्रमवर तेच बसणार आहेत. आता ते संथ ड्रम शिकवायची शाळा चालवतात. पोरं येतात, पाया पडायचीच काय ती बाकी. “दोन ठोक्यांच्या मधे माणूस म्हातारा व्हायला हवा,” असं शिकवतात. त्यांना सरळ विचारलं. त्यांनी सिगारेट विझवली आणि म्हणाले, “पोरा, तुझी आत्या दुसऱ्या दौऱ्याला आलीच नाही. आम्ही नावारूपाला आलो आणि ती बाटल्या बघायला परत गेली. तेव्हापासून तिचं तोंड कडू आहे.”

खरं आहे का हे? कारण मला तू कधीच सांगितलं नाहीस. मी विचारलं होतं, बाबा कसे गायचे. तू लिहितेस, ते गायचेच नाहीत, मशीन गायचं. पोस्टरवर तुझी नुसती पँट आली म्हणून बाबांचा आवाजही त्यांच्याकडे ठेवायचा नाही का? माझ्याकडे त्यांचं दुसरं काय आहे, सांग. फोटोत ते बाजूला बघतायत. मला त्यांचं बोलणं आठवत नाही. ती रेकॉर्ड तेवढी आहे, आणि तीही तुला खोटी ठरवायची आहे.

जाऊ दे. इथे काम छान चाललंय. आवाज सूरभर खाली उतरलाय. सकाळी तर मी बोललो की नळवाल्याचा कुत्रा कान टवकारतो. थुंकीत जरा लाल येतं, पण नळवाला म्हणतो, “गंज निघतोय, मग पाइप साफ.” तालमीला आता मला कोणी पिपाणी म्हणत नाही.

कार्यक्रमाला यायचं तर ये. नाही तर राहू दे.

भिंगरी

*

घर
९ मार्च

बाळा,

थुंकीत लाल येतं म्हणतोस, आणि तेही पत्राच्या अगदी शेवटी, कुत्र्याच्या गोष्टीला जोडून. थांब. हे वाचशील तिथे थांब. आजपासून ओरडणं नाही, गाणं नाही, धूर नाही. गळ्याच्या डॉक्टरकडे जा. मी उठून आले असते, पण मी पोचेपर्यंत तू त्याच गावात असशील याची खात्री कोण देणार?

मागच्या पत्रात पुढचं सांगण्यासारखं नाही म्हटलं. आता सांगते.

रेकॉर्ड गाजली आणि लोक आम्हाला ऐकायला यायला लागले. पहिल्याच मोठ्या कार्यक्रमात दादाने तोंड उघडलं आणि पुढच्या रांगेतला एक जण ओरडला, “खरा माणूस कुठाय?” त्यांना वाटलं, आम्ही बदली गायक आणला. मग रोज तेच. “खाली! अजून खाली!” आम्ही तारा सैल केल्या, ठोक्याने वेग कमी केला, आमच्याच रेकॉर्डची नक्कल करत फिरलो. तारा सैल होतात रे, गळा सैल होत नाही. दादा धूर प्यायचा, दारूने गुळण्या करायचा, कारखान्यातल्या रिकाम्या टाकीत तोंड घालून ओरडायचा. म्हणून तर तुला सगळ्यात आधी टायरमधून डोकं काढायला सांगितलं. त्याचीही थुंकी लाल झाली. डॉक्टरने बजावलं. ठोक्या म्हणाला, एवढा एक दौरा काढू. दादा थांबला नाही. मी थांबले. रोज सकाळी त्याचं बेसिन बघवत नव्हतं, म्हणून दुसऱ्या दौऱ्याला गेले नाही. ठोक्याला हवं ते म्हणू दे.

दुसऱ्या दौऱ्यावरून तो परत आला तो आवाज तिकडेच ठेवून. तू तेव्हा पाळण्यात होतास. पुढे पाच वर्षं तो जगला, पण फुसफुस करण्यापलीकडे त्याच्या गळ्यातून काही आलं नाही. मग छाती गेली. तुला आठवतो तो कानाशी पुटपुटणारा माणूस स्वभावाने गप्प नव्हता. अरे, त्याच्याएवढं बडबडं घरात कोणी नव्हतं! जेवताना त्याला गप्प करायला आमची आई वाटी आपटायची.

तुला मी खोटी वाटते, ठीक आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. रेकॉर्डच्या अगदी शेवटी, गाणं संपल्यावर एक लांब आवाज आहे. तो आपला भोंगा आहे. गवंड्यांची पाळी सुटली तेव्हा वाजला आणि टेप चालूच होती. तो हवेच्या दाबावर वाजतो, त्याचा विजेशी संबंध नाही. आजही तोच आहे आणि त्याच सुरात वाजतो. तू रोज गच्चीवर जाऊन त्याच्याबरोबर ओरडायचास, सूर इतका नेमका की सुपरवायझर म्हणायचा, एक दिवस भोंगा बिघडला तर पोराला चढवू. तो सूर तुझ्या गळ्यात आहे. माझे कान कारखान्याने खाल्ले, मला आता दोन्हीतला फरक कळायचा नाही. तुला कळेल.

पण आज नको. गळा बरा झाल्यावर. आधी डॉक्टर.

आत्या

*

घर
२८ मार्च

भिंगरी,

गोदामाचा पत्ता बरोबर आहे ना? पत्र परत आलं नाही म्हणजे पोचलं असावं. रोज पोस्टमन दिसला की मी विचारायच्या आधीच तो मान हलवतो.

रागावला असशील तर राग लिहून पाठव. शिव्या घाल. ठोक्याच्या शाळेत जाऊन माझ्या नावाने बोटं मोड. पण काही तरी लिही. कालपासून टेबलावर माझ्या हातून बाटल्या सुटतायत. आज दोन पुढे गेल्या. शेजारची म्हणाली, “ताई, डोळे दाखवा.” डोळ्यांना काय धाड भरली आहे?

तुझ्या दोन्ही कानांखाली वाजवायची आहे. तेवढ्यासाठी तरी धडधाकट राहा.

आत्या

*

गोदामाच्या वरची खोली
३० एप्रिल

प्रिय आत्या,

कान तयार आहेत. सगळं क्रमाने सांगतो, यावेळी माकड-बिकड मधे येणार नाही.

तुझं नऊ तारखेचं पत्र आलं त्या दिवशी माझा आवाज गेला. पत्र वाचून नव्हे, त्याच्या आधीच. तालमीत वरच्या ओळीला तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. नळवाल्याला वाटलं माइक गेला. तो तार तपासत बसला आणि मी उभा, तोंड उघडं ठेवून. मग खिशात तुझं पत्र होतं ते घेऊन दवाखान्यात गेलो, आणि बाकावर बसून वाचलं. दोनदा वाचलं.

डॉक्टरीणबाईंनी घशात आरसा घालून बघितलं. म्हणाल्या, “आणखी पंधरा दिवसांनी आला असतास तर मी काही करू शकले नसते.” औषध एकच, मौन. पुटपुटायचंसुद्धा नाही. पुटपुटण्याने म्हणे गळा जास्त झिजतो. हे ऐकलं आणि बाबा कानाशी यायचे ते आठवलं. माझ्याशी बोलायचा तेवढा हट्ट त्यांनी सोडला नाही बघ.

लिहिलं का नाही विचारशील. लिहायचं होतं. पेन हातात घेतलं की ‘पँट’ आठवायची आणि पेन खाली ठेवायचो. आता ठेवत नाही. आत्या, ते पँटचं मी बोलायला नको होतं.

मौन पाळणं म्हणजे काय ते तुला सांगतो. लोक मुक्या माणसाशी मोठ्याने बोलतात. चहावाला तर माझ्याशी हातवारे करून बोलायचा, जणू मी बहिरा आहे. मी पाटीवर लिहायचो, ‘ऐकू येतं.’ तो आणखी जोरात, “काऽऽय?”

तीन आठवड्यांनी बाईंनी बोलायची परवानगी दिली. मी सगळे कामावर गेल्यावर गोदामात एकटा उभा राहिलो आणि हळूच भोंगा केला. आधी नुसती खरखर. मग आला. डोळे मिटले तर पायाखाली आपली तापलेली गच्ची, आणि खरंच, बाहेरचा नळवाल्याचा कुत्रा सुरू झाला!

मग ‘काजळी’ लावली, अगदी शेवट. तो जो लांब आवाज आहे त्यावर इथे भांडणं होतात, ठाऊक आहे? कोणी म्हणतं देवमासा आहे, कोणी म्हणतं विहिरीने समाधी लावून काढलेला हुंकार. मी इतकी वर्षं ती रेकॉर्ड ऐकतोय, त्याच भोंग्याखाली वाढलोय, आणि मला कधी ओळखू आला नाही. कारण तो खाली आहे. माझ्यापेक्षा चांगला दोन-अडीच सूर खाली. नळवाल्याच्या प्लेअरला वेग कमी-जास्त करायची एक सरकती पट्टी आहे. मी तोंडाने भोंगा धरून ठेवला आणि पट्टी वर सरकवत गेलो. तो हुंकार चढत चढत आला, आला, आणि माझ्या आवाजात मिसळला. मी गप्प झालो. तो एकटाच वाजत राहिला. आपला भोंगा. जेवणाची सुट्टी.

पट्टीला हात न लावता सुई उचलून पहिल्या गाण्यावर ठेवली.

कसं सांगू? आधी फुटक्या काचांची किणकिण आली, तुझ्या बेसने हलणारी. रेकॉर्डवर ती साखळदंडासारखी वाटते, खरी ती पैंजणासारखी आहे. तुझा बेस धावतो आत्या, काय धावतो! आणि मग बाबा. बारीक, थोडा नाकातून, ओळ सुरू करायच्या आधी घाईने श्वास घेणारा. तो श्वास मी घेतो तसाच. क्षणभर वाटलं, कोणी तरी माझीच तालीम टेपवर घेतली आहे. मी मधेच गायला लागलो तर दोघं वेगळे काढता येईनात.

संध्याकाळी नळवाल्याला ऐकवलं. हात पुसत पूर्ण गाणं उभ्याने ऐकलं त्याने. मग म्हणाला, “परत खाली घे.” मी म्हटलं, हेच खरं आहे. तर म्हणतो, “असेल. पण मी त्या दुसऱ्यावर जगलोय रे.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मला भांडताही येईना. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाच्या पोस्टरवरून ‘विहिरीचा मुलगा’ हे माझं नाव काढलं.

तसंच ते कॅसेटवर उतरवून ठोक्याकाकांना गाडीत ऐकवलं. आधी ते खिडकीबाहेर बघत राहिले. पण हात, आत्या! हात गुडघ्यावर आपोआप चालू झाले, त्या वेगात, एकही ठोका न चुकता. गाणं संपल्यावर हात मांडीखाली दाबून बसले. म्हणाले, “हे कोणाला ऐकवू नकोस. माझ्याकडे पोरं शिकायला येतात.” मी विचारलं, एवढा एक दौरा काढू असं तुम्ही बाबांना म्हणाला होतात का? ते गाडीतून उतरले आणि दार लावायचं विसरून गेले.

काल कार्यक्रम झाला. गोदीची शेड खच्चून भरली होती. मी मंचाच्या कडेला तारा गुंडाळायचं काम घेतलं, ते मला कोणी नाकारलं नाही. माझ्या जागी दुसरा पोरगा आणला होता, माझ्याच वयाचा. आवाज खरंच खोल आहे, लोक वेडे झाले. पण मागून आवाज यायचेच, “खाली! अजून खाली!” आणि तो मान खाली घालून आणखी जोर लावायचा. मी पूर्ण वेळ त्याच्या गळ्याच्या शिरा बघत होतो. संपल्यावर त्याला गाठून डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. त्याने तो वाचला आणि हसून म्हणाला, “तू तोच ना, पिपाणी?” खिशात ठेवला मात्र. फेकला नाही.

हे पत्र आज रात्री निघणाऱ्या ट्रकवाल्याच्या हाती देतोय, म्हणजे माझ्या आधी पोचेल. मी उद्या निघतोय. मधे कुठे उतरणार नाही, पुलाला रंग देणारा दिसला तरी. परवा दुपारच्या भोंग्याच्या आत घरी.

एक विचारायचं राहिलं. पहिल्या पत्रात मी तुला गच्चीचं लिहिलं होतं, आणि तू त्यावर एका शब्दाने काही लिहिलं नाहीस. तेव्हा वाटलं, विसरलीस. मान वर, तोंड उघडं, आणि मी शेजारी हसून लोळतोय. ते गंमत करत नव्हते ना, आत्या? ते माझ्याबरोबर गात होते.

गच्चीचं दार उघडं ठेव. परवा मी दोघांचं मिळून ओरडणार आहे.

तुझी
पिपाणी